लघवीच्या तक्रारी, वाढलेलं वजन आणि स्वच्छतेचा अतिरेक

लघवीला जळजळ सुरू झाली की बहुतेक बायकांचा पहिला संशय स्वच्छतेवर जातो. बाहेरचं संडास वापरलं म्हणून झालं, नाहीतर नीट धुतलं नाही म्हणून झालं. मग साबण वाढतो, मेडिकलमधून इंटिमेट वॉशची बाटली येते, कुणी आंघोळीच्या पाण्यात जंतुनाशकाचं झाकण ओततं. त्याच वेळी, बाहेर लघवीला जावं लागू नये म्हणून पाणी पिणं कमी होतं. जास्त धुण्याने जळजळ थांबत नाही, त्वचा मात्र सोलवटते. कमी पाण्याने त्रास आणखी वाढतो. आणि वाढलेलं वजन व त्याच्या मागोमाग येणारी साखर यांचा या सगळ्याशी खराखुरा संबंध असूनही त्यांच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही.

मूत्राशय वेळेवर आणि पूर्ण रिकामं होतंय का, हा इथला मुख्य प्रश्न आहे. धुणं-पुसणं त्यानंतर येतं.

जंतू येतात कुठून

स्त्रियांचा मूत्रमार्ग जेमतेम ४ सेंटिमीटर लांब असतो, पुरुषांचा १८ ते २०. शिवाय स्त्रियांमध्ये मूत्रमार्गाचं तोंड, योनीमार्ग आणि गुदद्वार एकमेकांच्या अगदी जवळ असतात. साध्या मूत्रसंसर्गांपैकी दहातले सात-आठ 'ई. कोलाय' या जंतूमुळे होतात आणि हा जंतू आपल्याच आतड्यात राहतो. तो आधी गुदद्वाराजवळच्या त्वचेवर, तिथून योनीमार्गाच्या तोंडाशी आणि मग मूत्रमार्गात सरकतो. म्हणजे संसर्ग सहसा स्टेशनवरच्या कमोडच्या सीटवरून येत नाही, स्वतःच्याच शरीरातून येतो. साधारण निम्म्या स्त्रियांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यात लाजण्यासारखं किंवा कुणाच्या राहणीवर बोट ठेवण्यासारखं काही नाही.

जंतू थोडेफार आत शिरतातच. शरीर त्यांना बाहेर काढतं ते मुख्यतः लघवीच्या धारेने. अनुकूल स्थितीत ई. कोलाय अर्ध्या तासात, कधी त्याहूनही लवकर, दुप्पट होतो. अर्धा तास धरला तरी सकाळी आठपासून दुपारी दोनपर्यंत लघवी न केल्यास तो बारा वेळा दुप्पट होऊ शकतो, म्हणजे एका जंतूचे चार हजारांवर. हेच तीन तासांनी लघवी केली तर एकाचे चौसष्ट होतात, आणि त्यातले बहुतेक धारेबरोबर निघून जातात. प्रत्यक्षात शरीराचे इतरही बचाव असतात, त्यामुळे आकडे इतके नेमके चालत नाहीत, पण लघवी दाबून ठेवण्याचा तोटा यातून समजतो.

मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते आणि १५० ते २०० मिलिलिटरला पहिली जाणीव होते. दिवसातून सहा ते आठ वेळा आणि रात्री फार तर एकदा, हे सर्वसाधारण प्रमाण. ज्यांना दिवसाला तीनदाच जावं लागतं त्या बहुतेकदा कमी पाणी पितात किंवा दाबून धरतात.

मुंबईतला दिवस

मुंबईत हे दाबून धरणं सवयीपेक्षा सोयीच्या अभावातून येतं. विरार, बदलापूर किंवा कसाऱ्याहून निघालेली बाई उपनगरी लोकलने दीड-दोन तास प्रवास करते आणि लोकलच्या डब्यात शौचालय नसतं. ठेल्यावर बसणारी, मासळी विकणारी, चार घरची कामं करणारी, बंदोबस्तावर उभी असलेली, यांच्यासाठी हाताशी स्वच्छतागृह असेलच असं नाही. असलं तर पाणी नाही, कडी नाही, आणि पुरुषांना मुतारी फुकट असताना बायकांकडून पैसे. याच मुद्द्यावर २०११ मध्ये मुंबईत 'राइट टू पी' (लघवीचा हक्क) ही मोहीम उभी राहिली. डिसेंबर २०१५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने राज्यातल्या महापालिकांना स्त्रियांसाठी स्वच्छ, सुरक्षित स्वच्छतागृहांची सोय करायला सांगितलं. त्यामुळे 'तुम्ही पाणीच पीत नाही' असं रुग्णाला ऐकवताना तिला जायला जागा आहे का, हेही विचारायला हवं. घरकामाला येणाऱ्या बाईला आपल्या घरातलं शौचालय वापरू न देणाऱ्या कुटुंबांनी तर याचा जरूर विचार करावा.

तरीही हातात असलेल्या गोष्टी आहेत. पाणी एकदम प्यायलं की एकदम लागते, म्हणून ते जागा पाहून वाटून घ्यावं. उठल्याबरोबर एक-दीड ग्लास, म्हणजे ३०० मिलिलिटर, आणि घर सोडण्यापूर्वी लघवी. प्रवासात घोट-दोन घोटच. कामावर पोचल्यावर ३००, अकराच्या सुमारास ३००, जेवणानंतर ३००, चारला ३००, निघण्याच्या तासभर आधी २००, मग लघवी करून गाडी पकडायची. घरी आल्यावर उरलेलं आणि झोपण्याआधीचे दोन तास कमी. असे सव्वादोन ते अडीच लिटर होतात. मे महिन्यात घाम जास्त जातो तेव्हा अर्धा लिटर वाढवावं. खूण एकच: दिवसा लघवी फिकट पिवळी असावी. गडद पिवळी, उग्र वासाची असेल तर पाणी कमी पडतंय. हृदय किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी मात्र पाण्याचं प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावं.

पाण्याचा उपयोग नुसता तर्काने सांगितलेला नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, वारंवार मूत्रसंसर्ग होणाऱ्या आणि दिवसाला दीड लिटरहून कमी द्रव घेणाऱ्या १४० स्त्रिया होत्या. निम्म्यांना रोज दीड लिटर जास्त पाणी प्यायला सांगितलं. वर्षभरात त्यांना सरासरी १.७ वेळा संसर्ग झाला, बाकीच्यांना ३.२ वेळा. औषधाशिवाय इतका फरक ही मोठी गोष्ट आहे.

उन्हाळी लागली म्हणून धण्या-जिऱ्याचं पाणी, जवाचं पाणी, सब्जा हे सगळं चालतं, कारण पोटात पाणीच जातं. उन्हाने लघवी दाट होऊनही चुरचुरते, आणि दोन-तीन तास भरपूर पाणी प्यायल्यावर ती चुरचुर थांबली तर तो बहुधा संसर्ग नव्हता. पण दिवसभर थांबली नाही तर धण्याचं पाणी पीत बसू नये. कोकम सरबत, उसाचा रस, डब्यातला क्रॅनबेरी ज्यूस यांच्यातली साखर वजनाच्या खात्यात जमा होते. क्रॅनबेरीने वारंवार होणारे संसर्ग काही जणींत कमी होतात, पण ते बिनसाखरेचं किंवा गोळीच्या रूपात हवं. सुरू झालेला संसर्ग त्याने बरा होत नाही.

अर्धवट रिकामी होणारी पिशवी

सार्वजनिक कमोड घाण दिसला की बायका सीटला न टेकता अधांतरी बसतात. मांड्यांचे आणि कमरेचे स्नायू ताणलेले असले की ओटीपोटाच्या तळाचे स्नायूही सैल होत नाहीत. धार मंदावते आणि पिशवीत लघवी उरते. उरलेल्या लघवीत जंतू वाढतात. सीट ओल्या टिश्यूने किंवा पाण्याने पुसून कोरडी करा, वर कागद ठेवा आणि टेकून बसा. त्वचेला सीट लागल्याने मूत्रसंसर्ग होत नाही. भारतीय पद्धतीच्या शौचालयात पूर्ण उकिडवं बसता येत असेल तर ते उत्तमच.

वजन जास्त असलेल्या स्त्रियांना आणखी एक अडचण येते. चड्डी किंवा लेगिंग गुडघ्यापर्यंतच उतरवली तर मांड्या एकमेकींना चिकटून राहतात आणि लघवी सरळ बाहेर न पडता थोडी योनीमार्गात शिरते. उठून चार पावलं चाललं की ती थेंब थेंब गळते. हे पिशवीचं गळणं नाही, पण ओलावा, वास आणि चुरचुर तीच. यासाठी कपडा घोट्यापर्यंत खाली घ्या, पाय जमिनीवर पूर्ण टेकवा, कमोड उंच असेल तर पायांखाली पाट घ्या, मांड्या फाकवून थोडं पुढे झुका. धार थांबल्यावर घाई न करता वीस-तीस सेकंद थांबा, एकदा उभं राहून पुन्हा बसा आणि पुन्हा प्रयत्न करा. जोर लावायचा नाही. बद्धकोष्ठ असेल तर भरलेलं गुदाशय पिशवीवर दाबतं, म्हणून पोट साफ राहणं हाही लघवीचाच उपाय आहे.

धुणं: किती आणि कसं

धुण्याची दिशा पुढून मागे. हा सल्ला सगळे देतात, पण त्याने संसर्ग किती कमी होतो याचा पुरावा अभ्यासांत ठोस मिळालेला नाही. तरी तो पाळावा, कारण खर्च काही नाही आणि शौचाचे जंतू पुढे ओढण्यात शहाणपण नाही. आपल्याकडे घोटाळा होतो तो जेट स्प्रेमुळे. कमोडवर बसून मागून पुढे जोराने फवारा मारला की सगळं पाणी मूत्रमार्गाच्या तोंडावर आदळतं. स्प्रे पुढून धरा, दाब कमी ठेवा, आधी पुढचा भाग, मग वेगळ्याने मागचा. पोट पुढे असल्यामुळे किंवा खांदे-गुडघे दुखत असल्यामुळे मागे हात पोचत नसेल तर लांब नळीचा स्प्रे लावून घ्यावा. हात पोचत नाही म्हणून मागचा भाग पुढून हात घालून, आपल्याकडे ओढत धुतला जातो आणि वजनामुळे स्वच्छता बिघडते ती नेमकी इथे. टमरेल वापरणाऱ्यांनी एका हाताने पाणी पुढून सोडावं आणि डावा हात मागून न्यावा.

योनीमार्गाच्या आत काहीही घालून धुवायचं नाही. आतला भाग आम्लधर्मी असतो, पीएच (आम्लतेचं माप, ७ च्या खाली आम्ल आणि वर अल्कली) साधारण ३.८ ते ४.५, आणि तिथले लॅक्टोबॅसिलस जंतू ही आम्लता राखून ई. कोलायला दूर ठेवतात. आंघोळीच्या साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. साबण, जंतुनाशक, सुगंधी फवारे आत गेले की आपलेच राखणदार मरतात. बाहेरच्या त्वचेला दिवसातून एक-दोनदा साधं पाणी पुरतं. साबण लावायचाच तर मांड्यांच्या सांध्यांना आणि गुदद्वाराभोवती, सौम्य, आणि नीट धुऊन टाकायचा. इंटिमेट वॉशची गरज नसते. तिथे थोडा वास आणि थोडा पांढरा स्राव असणं हे निरोगीपण आहे.

पाळीत पॅड चार ते सहा तासांनी बदलावा, डागलेला नसला तरी. कप वापरणाऱ्यांनी तो बारा तासांच्या आत रिकामा करावा, आणि कप घातल्यावर धार बारीक झाली किंवा सारखी लागायला लागली तर कप मूत्रमार्गावर दाबतोय असं समजून आकार किंवा जागा बदलावी. कापड वापरत असाल तर ते उन्हात वाळलेलं हवं. मुंबईच्या जुलैत ऊन मिळत नाही, तेव्हा पंख्याखाली पूर्ण वाळवून गरम इस्त्री फिरवा. रोज पँटी लायनर लावून फिरू नये, आत हवा खेळत नाही.

लैंगिक संबंध हे तरुण स्त्रियांतल्या मूत्रसंसर्गाचं सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक आहे. त्यात अस्वच्छपणाचा संबंध नाही. घर्षणाने जंतू पुढे ढकलले जातात एवढंच. संबंधानंतर लघवी करून घ्यावी. शुक्राणुनाशक लावलेले कंडोम किंवा जेल वापरत असाल आणि संसर्ग वारंवार होत असेल तर साधे कंडोम घ्यावेत.

वजन काय करतं

आता मुख्य भागाकडे. ओटीपोटाच्या तळाशी स्नायूंची एक झोळी असते, तिच्यावर मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय पेललेले असतात. पोटावरच्या आणि पोटातल्या चरबीचा भार या झोळीवर रात्रंदिवस पडतो. त्यावर खोकला, शिंक, जिना, भरलेली बादली उचलणं यांचा झटका आला की मूत्रमार्ग आवळून धरणारे स्नायू कमी पडतात आणि लघवी निसटते. बाळंतपणांनी झोळी आधीच सैल झालेली असेल तर अजूनच. अशा स्त्रिया बाहेर जाणं टाळतात, चालायला जात नाहीत, जिना टाळतात, म्हणून वजन वाढतं आणि गळती वाढते.

वजन उतरवल्याने गळती कमी होते याचा पुरावा चांगला आहे. अमेरिकेत झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात वजन जास्त असलेल्या व लघवी गळणाऱ्या ३३८ स्त्रिया होत्या. ज्यांनी आहार-व्यायामाचा कार्यक्रम पाळला त्यांचं वजन सहा महिन्यांत सरासरी ८ टक्के उतरलं आणि आठवड्यातले गळतीचे प्रसंग ४७ टक्क्यांनी घटले. नुसती माहिती मिळालेल्या गटात २८ टक्के. म्हणजे ७५ किलोच्या बाईने ६ किलो उतरवले तरी फरक जाणवू शकतो. लग्नाच्या वेळचं वजन गाठायची गरज नाही.

जास्त वजन म्हणजे किती? भारतीयांसाठी बीएमआय (किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा) २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा धरतात, कारण आपल्याकडे पोटाची चरबी आणि मधुमेह कमी वजनालाच येतो. ५ फूट १ इंच, म्हणजे १५५ सेंटिमीटर उंचीच्या बाईसाठी २३ म्हणजे सुमारे ५५ किलो आणि २५ म्हणजे ६० किलो. कंबरेचा घेर ८० सेंटिमीटरच्या वर गेला असेल तर वजनाचा काटा काहीही म्हणो, लक्ष द्यायला हवं.

वजनाचा दुसरा रस्ता साखरेचा. रक्तातली साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की ती लघवीत उतरते. जंतूंना आणि बुरशीला ती खाद्य होते. मधुमेह जुना झाला की मूत्राशयाच्या नसा मंदावतात, पिशवी भरल्याचं कळत नाही आणि ती पूर्ण रिकामीही होत नाही. त्यामुळे सहा महिन्यांत दोनदा मूत्रसंसर्ग झाला किंवा योनीमार्गाला सारखी खाज येत असेल तर उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी) तपासून घ्या. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, एचबीए१सी ६.५ किंवा जास्त म्हणजे मधुमेह. आधीच मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर त्यांची नावं पाहा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या साखर लघवीवाटे बाहेर काढतात, म्हणून त्यांच्यावर असताना बुरशीचा संसर्ग जास्त होतो. हृदय आणि मूत्रपिंडासाठी त्या चांगल्या आहेत, स्वतःहून बंद करू नयेत. खाज येत असल्याचं डॉक्टरांना सांगावं एवढंच.

वजन उतरवताना पहिला हात चहावर टाकावा. एका कपात दोन चमचे, म्हणजे १० ग्रॅम साखर. दिवसाला पाच कप म्हणजे ५० ग्रॅम, २०० कॅलरी, आणि महिन्याला ६,०००. शिवाय चहातलं कॅफिन मूत्राशयाला चेतवतं आणि घाईची लघवी वाढवतं. पाचाचे दोन केले, साखर निम्मी केली, तर वजन आणि पिशवी दोन्हींना उपयोग. संध्याकाळच्या गाडीआधीचा वडापाव अडीचशे ते तीनशे कॅलरींचा असतो. त्याऐवजी डब्यात मूठभर भाजलेले चणे आणि एक फळ ठेवणं जमण्यासारखं आहे. भाकरी-भाजी सोडून उपाशी राहण्यात अर्थ नाही, भूक सातला दुप्पट होऊन येते.

व्यायाम आठवड्याला १५० मिनिटं, भरभर चालणं. उड्या, दोरी, झुंबा सुरुवातीला नको, गळती वाढते आणि उत्साह मावळतो. आधी झोळी बळकट करावी.

तो व्यायाम नीट कसा करायचा

वायू रोखताना आणि लघवी रोखताना जे स्नायू आत-वर ओढले जातात ते आवळायचे. पोट, मांड्या, नितंब सैल, श्वास चालू. सहा ते आठ सेकंद धरा, तेवढाच वेळ सोडा. असं आठ ते दहा वेळा, दिवसातून तीनदा, किमान तीन महिने. दोन आठवड्यांत काही झालं नाही म्हणून सोडणाऱ्या खूप. सुरुवातीला तीन सेकंदच धरता आलं तर तिथून वाढवा. आडवं पडून जमलं की बसून, मग लोकलमध्ये उभं राहूनही करता येतं, कुणाला कळत नाही. लघवी चालू असताना मध्येच थांबवून हा सराव करू नये, पिशवी अर्धवट रिकामी राहायची सवय लागते. खोकला किंवा शिंक येतेय असं वाटताच आधी आवळायचं, मग शिंकायचं.

हे खोकताना गळणाऱ्यांसाठी. ज्यांना अचानक इतक्या घाईची लागते की दारापर्यंत पोचेतो निसटते, त्यांचा दोष वेगळा: पिशवी वेळेआधी आकुंचन पावते. त्यांनी ठरावीक वेळेने जायचं. आत्ता दर तासाला जात असतील तर आठवडाभर सव्वा तास, पुढच्या आठवड्यात दीड, असं पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत तीन तासांपर्यंत. घाई आली की धावायचं नाही. जागीच बसा, पाच-सहा वेळा पटापट आवळा, लाट ओसरली की चालत जा. 'निघायच्या आधी जाऊन येऊ' हे लांबच्या प्रवासाआधी ठीक, पण दर वीस मिनिटांनी केलं तर पिशवी थोड्यालाच ओरडायला शिकते. खूप जणींत दोन्ही प्रकार एकत्र असतात. अंग बाहेर येत असल्यासारखं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्यावं.

पावसाळा आणि जांघा

वजन वाढलं की पोटाची घडी, जांघा, मांड्यांच्या आतल्या बाजू घासतात आणि मुंबईच्या दमट हवेत तिथला घाम वाळत नाही. भिजलेल्या लेगिंगमध्ये दिवस काढल्यावर तिथे लाल, चुरचुरणारे चट्टे उठतात, त्यावर बुरशी चढते. सुती, सैल कपडे. पावसाळ्यात एक जास्तीची चड्डी झिपच्या पिशवीत. घरी आल्यावर धुऊन, चोळून न पुसता टिपून कोरडं करणं. घासणाऱ्या जागी पातळ पेट्रोलियम जेली. जांघेत टाल्कम पावडर टाकायची सवय सोडावी, ती घामात गोळा होऊन आणखी घासते, शिवाय २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने टाल्कला 'बहुधा कर्करोगकारक' वर्गात टाकलं आहे.

गोल, कडा उठलेले, खाजणारे चट्टे म्हणजे नायटा. त्यावर मेडिकलमधून 'थ्री इन वन' मलम आणू नका. त्यात स्टेरॉइड असतं, खाज चार दिवसांत थांबते आणि बुरशी आत पसरत राहते. गळतीसाठी पाळीचे पॅड लावू नयेत, ते लघवीसाठी बनलेले नसतात आणि त्वचा ओली ठेवतात. लघवीसाठीचे वेगळे पॅड मिळतात.

संसर्ग झालाच तर

जळजळ, सारखी लागणं, थोडीशीच होणं, ओटीपोटात दुखणं, कधी लघवीत रक्त: हा मूत्राशयाचा संसर्ग. पण अंगावरून पांढरं जातंय, खाज आहे, आणि जळजळ लघवी बाहेरच्या त्वचेला लागल्यावरच होते, तर दोष बहुधा योनीमार्गात आहे आणि त्याचं औषध वेगळं. थंडी वाजून ताप, पाठीत बरगड्यांखाली एका बाजूला दुखणं, उलट्या, ही मूत्रपिंडाला संसर्ग झाल्याची लक्षणं. तेव्हा त्याच दिवशी रुग्णालयात जावं. केईएम, सायन, नायर, कूपर इथे तातडीचा विभाग रात्रीही चालू असतो. गरोदर स्त्रीने साधी जळजळसुद्धा अंगावर काढू नये. गरोदरपणात लक्षणं नसतानाही जंतू सापडले तर औषध देतात, एरवी लक्षणांशिवाय सापडलेल्या जंतूंवर सहसा औषध लागत नाही.

तपासणीचा नमुना चुकीचा घेतला जातो हे फार होतं. पाण्याने धुऊन, पुढच्या घड्या बोटांनी बाजूला धरून, पहिली धार कमोडमध्ये सोडायची, मधली बाटलीत घ्यायची. बाटलीच्या आतल्या बाजूला हात लावायचा नाही. दोन तासांत प्रयोगशाळेत द्यायचं, उशीर होणार असेल तर फ्रिजमध्ये. रिपोर्टमध्ये एपिथेलियल पेशी (त्वचेच्या वरच्या थराच्या पेशी) खूप किंवा 'मिक्स्ड ग्रोथ' (अनेक प्रकारचे जंतू) लिहिलं असेल तर नमुना बाहेरच्या त्वचेने दूषित झालेला असतो, पुन्हा द्यावा. कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखण्याची तपासणी) अँटिबायोटिकची पहिली गोळी घेण्याआधी द्यायचं. पस सेल्स (पुवाच्या पेशी) भरपूर पण कल्चरमध्ये काहीच उगवत नाही असं पुन्हा पुन्हा झालं तर मूत्रमार्गाच्या टीबीची तपासणी मागावी. आपल्या शहरात ही शक्यता मनात ठेवावीच लागते.

औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. मागच्या वेळच्या उरलेल्या नॉरफ्लॉक्स किंवा सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चार गोळ्या घेऊ नयेत, आपल्याकडच्या ई. कोलायचा मोठा हिस्सा या औषधांना दाद देत नाही. साध्या मूत्राशय-संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन पाच दिवस किंवा फॉस्फोमायसिन ३ ग्रॅमचा एकच डोस देतात. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणाबरोबर घ्यावं, आणि ते आम्लधर्मी लघवीत जास्त चालतं, म्हणून त्याच्या जोडीला जळजळ थांबवणारं सिट्रेटचं सायरप डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. सायरप एकटं घेतलं तर जळजळ दबते, जंतू तसेच राहतात. मूत्रपिंडाच्या संसर्गाला नायट्रोफ्युरँटॉइन उपयोगाचं नाही.

पाळी गेल्यानंतर संसर्ग वारंवार होऊ लागतात ते इस्ट्रोजेन घटल्यामुळे. योनीमार्ग कोरडा पडतो, लॅक्टोबॅसिलस कमी होतात. योनीत लावायचं इस्ट्रोजेनचं क्रीम सुरुवातीला दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा, असं डॉक्टर सहसा देतात. पन्नाशी-साठीतल्या बायका वर्षानुवर्षं अँटिबायोटिक घेत राहतात आणि हे क्रीम त्यांना कुणी सांगत नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर मात्र आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारावं.

सहा महिन्यांत दोनदा किंवा वर्षात तीनदा संसर्ग, लघवीत रक्त, किंवा तीन महिने व्यायाम करूनही गळती, यांपैकी काही असेल तर स्त्रीरोग किंवा युरोलॉजी विभागात जा. जाताना तीन दिवसांची नोंद बरोबर न्या: किती वाजता काय आणि किती प्यायलं, किती वाजता लघवी झाली, मोजपात्रात ती किती मिलिलिटर भरली, गळती झाली तेव्हा काय करत होता. लघवी मोजायला औषधाच्या दुकानातलं साधं प्लॅस्टिकचं मोजपात्र पुरतं. एक दिवस सुट्टीचा आणि दोन कामाचे घ्या, कारण घरातला आणि लोकलमधला दिवस वेगळा असतो. ओपीडीत पाच मिनिटंच मिळतात, आणि हा कागद समोर ठेवला की डॉक्टरांना तुमचा त्रास खोकल्याच्या गळतीचा, घाईचा की कमी पाण्याचा, हे तिथेच दिसतं.